हळू बोलणाऱ्या मालिकेचे पैसे कोणी द्यायचे?

‘डिटेक्टरिस्ट्स’ ही बीबीसीची मालिका कशाबद्दल आहे, या प्रश्नाचं खरं उत्तर दिलं तर विचारणारा ती बघण्याची शक्यता कमीच. चाळिशीतले दोन पुरुष इंग्लंडमधल्या शेतांतून धातुशोधक यंत्र घेऊन फिरतात. यंत्र वाजलं की गुडघे टेकून खणतात. बहुतेक वेळा थंड पेयाच्या डब्याची कडी निघते, फार तर एखादं जुनं बटण. मग झाडाखाली बसून डबा खातात, काल रात्री टीव्हीवर लागलेल्या प्रश्नमंजूषेबद्दल बोलतात आणि घरी जातात. कुणी कुणाला विष घालत नाही, कुणाची स्मृती जात नाही, कुणाचा जुळा भाऊ परदेशातून येत नाही.

एवढ्या भांडवलावर मॅकेन्झी क्रूक या माणसाने सहा-सहा भागांची तीन पर्वं लिहिली, दिग्दर्शित केली आणि त्यांत दोघांपैकी अँडीचं कामही स्वतःच केलं. 2014, 2015 आणि 2017 ही त्यांची वर्षं. 2015 च्या नाताळात एक जादा भाग आला आणि 2022 च्या नाताळात सव्वा तासाचा एक. सगळे मिळून वीस भाग, साधारण दहा तास. आपली रोजची मालिका एवढा वेळ महिन्याभरात भरून काढते. 2015 साली ब्रिटिश अकादमीचा (बाफ्टा) विनोदी मालिकेचा पुरस्कार हिला मिळाला आणि 2018 मध्ये दुसऱ्याची, म्हणजे लान्सची, भूमिका करणाऱ्या टोबी जोन्सला अभिनयाचा.

या मालिकेचं कौतुक मला करायचंच आहे, पण त्याच्या जोडीने एक रोखठोक प्रश्नही विचारायचा आहे. अशा मालिकेचे पैसे कोणी द्यायचे? मंद, उदास आणि तरीही हसवणारी मालिका लेखकाच्या स्वभावातून येते, असं आपण समजतो. लेखकाचा स्वभाव लागतोच. पण वीस भाग तो स्वभाव टिकू देणं हे पैसे देणाऱ्याच्या हातात असतं, आणि मराठीत नेमका तोच हात नाही.

आधी विनोदाबद्दल. क्रूकला जगाने ओळखलं ते ‘द ऑफिस’ या ब्रिटिश विनोदी मालिकेतल्या गॅरेथमुळे. नियमांवर बोट ठेवणारा, नसलेल्या पदाचा रुबाब दाखवणारा, कार्यालयातल्या प्रत्येकाच्या टवाळीचा विषय. तिथे आपण त्याला हसायचो आणि हसताना जरा अवघडायचो. ‘डिटेक्टरिस्ट्स’मध्ये क्रूकने जवळजवळ त्याच जातीची माणसं घेतली आहेत. डेनबरी नावाच्या काल्पनिक गावात धातुशोधकांचा एक मंडळवजा क्लब आहे. अध्यक्ष टेरी निवृत्त पोलीस, आणि त्याचा खास अभ्यासाचा विषय म्हणजे बटणं. सभा भरतात, व्याख्यानं होतात, सात-आठ डोकी ऐकतात. हे सगळं टिंगल करायला अगदी तयार वाढून ठेवलेलं आहे. पण क्रूक टिंगल करत नाही. बटणांवर बोलणारा माणूस बटणांबद्दल खरोखर काहीतरी जाणतो, हे तो आपल्याला हसता हसता मान्य करायला लावतो.

टोबी जोन्सचा लान्स भाजीच्या गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो, पिवळी जुनी ट्रायम्फ गाडी जिवापाड जपतो आणि सोडून गेलेल्या बायकोच्या घरचीही कामं करायला जातो. तिच्यासाठी त्याने गाणं लिहिलंय, ते तो मँडोलिन घेऊन पबमध्ये म्हणतो. गाणं चांगलं नाही. वाईट म्हणावं इतकंही नाही. ज्याला आपण प्रामाणिक गाणं म्हणतो, तसं ते आहे, आणि म्हणून ऐकवत नाही. जोन्स ते अशा तन्मयतेने म्हणतो की हसू अर्ध्यावर थांबतं. पडद्यावर मात्र हसा असं सांगणारा कुणी नाही, मागे हशाची ध्वनिफीतही नाही, आणि रडा असं सांगणारं व्हायोलिनही नाही.

शत्रूसुद्धा आहेत. प्रतिस्पर्धी दोघे दिसायला थेट सायमन अँड गारफंकल या अमेरिकन गायक जोडीसारखे. अँडी आणि लान्स त्यांच्याशी भांडताना बोलण्यात त्या जोडीच्या गाण्यांची नावं पेरत राहतात. तीन पर्वं हा एकच विनोद चालतो आणि शिळा होत नाही. भांडणाचं कारण काय, तर कुठल्या शेतकऱ्याने कुणाला परवानगी दिली.

या शोधाला एक खरा इतिहास आहे. सफोकमध्ये सटन हू इथे 1939 साली बेसिल ब्राउन या फारसं शिक्षण न झालेल्या, स्वतःच्या हिमतीवर शिकलेल्या उत्खननकाराला मातीत पुरलेलं एक अँग्लो-सॅक्सन जहाज सापडलं. लाकूड कुजून गेलेलं, पण वाळूत जहाजाचा ठसा जसाच्या तसा, सत्तावीस मीटर लांब. 2009 साली स्टॅफर्डशायरमध्ये एका हौशी धातुशोधकाच्या यंत्राने सोन्याचांदीच्या साडेतीन हजारांहून जास्त वस्तूंचा साठा दाखवला. मालिकेचं कथानक एसेक्समध्ये घडतं, चित्रण झालं ते बरंचसं त्याच सफोकमध्ये, फ्रॅमलिंगहॅम या गावाच्या आसपास. अँडी आणि लान्सला सातव्या शतकातल्या पूर्व सॅक्सन राजाचं, सेक्सरेडचं, पुरलेलं जहाज हवं आहे. वेडेपणाच, पण दोन वेळा जगात घडून गेलेला वेडेपणा.

पहिल्या पर्वाच्या शेवटी ते हरतात. शेत रिकामं आहे असं ठरवून निघून जातात. मग कॅमेरा वर वर जातो आणि वरून शेतात जहाजाचा आकार दिसतो. आपल्याला दिसतो, त्यांना नाही. या मालिकेच्या उदासपणाचं मूळ इथे आहे असं मला वाटतं. आयुष्यात काही नाही म्हणून आलेली ही खिन्नता नव्हे. काहीतरी आहे, अगदी पायाखाली आहे, पण या माणसांची आणि त्याची वेळ जुळत नाही.

आणि हे गुपित आपल्याला खरं तर पहिल्याच भागात सांगितलेलं असतं. गाण्यातून.

शीर्षकगीत जॉनी फ्लिनचं. गिटार, एक जरासा खरखरीत आवाज, बस. पहिल्यांदा ऐकताना ते शोधणाऱ्या माणसाचं गाणं वाटतं. नीट ऐकलं की कळतं, बोलणारा मातीखाली आहे. पुरलेला ऐवज शोधणाऱ्याला म्हणतो आहे की काटेकुटे तुडवत ये, माती उपस, मी इथेच तुझी वाट बघतो आहे. प्रेयसीचं गाणं म्हणूनही ते ऐकता येतं आणि बहुधा तसंही ऐकावं. पण मालिकेच्या तोंडी ठेवल्यावर त्याचं काम फार धूर्त होतं. दर भागाच्या सुरुवातीला आपण ऐकतो की कुणीतरी यांची वाट बघतंय, आणि नंतर अर्धा तास बघतो की यांना डब्याच्या कड्या सापडतायत. जे पात्रांना माहीत नाही ते गाण्याने प्रेक्षकाच्या कानात घातलेलं असतं. मराठी माणसाला ही उलटापालट कळायला जड जाऊ नये. पंढरपुरात अठ्ठावीस युगं भक्त उभा नाही, देव उभा आहे.

आपल्याकडच्या टायटल साँगचं काम वेगळं असतं. त्यात नायिकेचे गुण असतात, नात्याचं नाव असतं, शक्य झाल्यास मालिकेचं नाव चार वेळा. काही सुरेख झाली आहेत, नाही असं नाही, कवी आणि संगीतकार आपल्याकडे उणे नाहीत. पण ती गाणी मालिकेची जाहिरात करतात. फ्लिनचं गाणं मालिकेतलं एक पात्र आहे, आणि तेही असं पात्र की ज्याच्यापर्यंत बाकीच्यांना पोचायचं आहे.

बाकीचं पार्श्वसंगीत डॅन मायकलसनचं. त्याच्याबद्दल सांगायची मुख्य गोष्ट ही की ते फार वेळा वाजतच नाही. वाऱ्याचा आवाज, पक्षी, यंत्राची कुईंकुईं, डबा उघडल्याचा आवाज. संगीत येतं ते दृश्य संपताना, माणसं पाठ फिरवून चालू लागल्यावर. भावना दृश्यातच झालेली असते, संगीत तिला पोचवायला येतं.

एकदाच संगीताने सगळं हातात घेतलं आहे, आणि त्या प्रसंगावर मी जरा जास्त वेळ थांबणार आहे. तिसऱ्या पर्वाचा पहिला भाग. अँडीला शेतात एक जुनी शिट्टी सापडते, ससाणा उडवणाऱ्यांची. माती झटकून तो ती फुंकतो. त्या आवाजासरशी शेतावरून शतकं उलटी चालू लागतात. या मातीत राबलेली, तिच्यात माणसं पुरलेली, तिच्यात सोनं दडवलेली माणसं दिसू लागतात. संवाद नाही. ‘द अनथँक्स’ या उत्तर इंग्लंडमधल्या बहिणींच्या गटाचं ‘मॅगपाय’ हे गाणं चालू असतं, एकच धरून ठेवलेला सूर आणि त्यावर बायकांचे उघडे, न सजवलेले गळे. मॅगपाय हा तिकडचा काळापांढरा पक्षी. एक दिसला तर दुःख, दोन दिसले तर आनंद, अशी त्याच्या मोजणीची जुनी लोकभाषेतली ओवी आहे. (आपल्याकडच्या इंग्रजी शाळांतल्या मुलांनी हीच मोजणी साळुंक्यांवर चालवली. साळुंकीने काय पाप केलं होतं कोण जाणे.) त्या पक्ष्यांचा कथानकाशी संबंध आहे, तो मी सांगत नाही.

तो प्रसंग बघताना विनोदी मालिका बघतोय हे आपण विसरतो. गाणं मालिकेसाठी बनवलेलं नाही, आधीपासून होतं, 2015 च्या त्यांच्या अल्बममधलं. पण बारा-तेरा भाग संगीताने तोंड मिटून ठेवलं होतं म्हणून ते इथे एवढं उघडू शकलं. दर तीन मिनिटांनी ढोल वाजत असता तर हे गाणं आणखी एक गाणं झालं असतं.

आता इथे आपल्या मालिकांच्या धडाड्-धूम संगीतावर तोंडसुख घेणं सोपं आहे. तीन वेळा तीन बाजूंनी दाखवलेला एकच चेहरा, प्रत्येक वेळी वीज कोसळल्याचा आवाज. मी ते करणार नाही, कारण त्या संगीतामागे एक कारण आहे आणि ते मूर्खपणाचं नाही. संध्याकाळी सात-साडेसातला ज्या बाईसाठी मालिका लावलेली असते ती ओट्यापाशी पोळ्या लाटत असते. ती मालिका बघत नाही, ऐकते. वीज कडाडली की तिने लाटणं हातात घेऊन बाहेर डोकवायचं असतं. पार्श्वसंगीत ही तिला मारलेली हाक आहे. ज्या घरात बाईला अर्धा तास बसून बघायची मुभा नाही, त्या घरासाठी मालिका तशीच बनणार. शांत मालिकेला बसलेला प्रेक्षक लागतो, आणि बसायला मिळणं हाही एक हक्कच आहे.

दुसरी हाक पैशाची. मालिका आठवड्याचे सहा-सहा दिवस चालते, गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात, आकडा पडला की कथेचा ट्रॅक बदलतो. शुक्रवारी लेखकाला फोन. एपिसोडची बँक, म्हणजे आधीच करून ठेवलेल्या भागांचा साठा, नसली तर सकाळी लिहिलेलं दुपारी शूट होतं. रिमोट हातात असलेल्या माणसासमोर पाच सेकंदांची शांतता म्हणजे पाच सेकंदांची जोखीम, आणि ती घेण्याचा अधिकार त्या साखळीत कुणालाच नसतो, लेखकाला नाही, दिग्दर्शकाला नाही, वाहिनीच्या प्रमुखालाही नाही. माणसं वाईट नाहीत. यातले कित्येकजण शनिवारी-रविवारी प्रायोगिक नाटक करणारे आहेत. त्यांना शांतता लिहिता येत नाही असं नाही, ती विकत घेणारं कुणी नाही.

‘डिटेक्टरिस्ट्स’ला ते होतं. मालिका बीबीसी फोर या वाहिनीवर आली. 2002 साली सुरू झालेली ही वाहिनी मुळात कमी लोकांसाठी होती, माहितीपट, संगीत, परभाषेतल्या मालिका, असलं काहीबाही. जाहिराती नाहीत. पैसा परवाना शुल्कातून येतो. ब्रिटनमध्ये टीव्ही बघणाऱ्या घराला ते भरावं लागतं, 2025 च्या एप्रिलमध्ये ते वर्षाला 174.50 पाउंड झालं होतं. घरातले सगळे फुटबॉलच बघत असले तरी त्यांच्या पैशातला एक बारीकसा तुकडा शेतात खणणाऱ्या दोन माणसांकडे जातो.

इथे मला मालिकेच्या विषयातूनच एक गोष्ट सुचते. धातुशोधकांचा हा छंद ब्रिटनमध्ये एकेकाळी पुरातत्त्ववाल्यांच्या डोळ्यांत खुपायचा, आणि त्यात तथ्यही होतं, कारण कुणीही कुठेही खणलं की इतिहासाचा पुरावा कायमचा जातो. मग 1996 साली खजिन्यांबद्दलचा नवा कायदा झाला आणि 1997 पासून इंग्लंडमध्ये, आणि पुढे वेल्समध्येही, एक योजना सुरू झाली. सामान्य माणसाला मातीत सापडलेली किरकोळ वस्तूसुद्धा नोंदवून घ्यायची, सापडली कुठे ते टिपायचं, त्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत अधिकारी. कायद्याने सोन्याचे हंडे सांभाळले, या योजनेने बटणं सांभाळली. आज त्या नोंदींची संख्या दहा लाखांच्या वर गेली आहे. सार्वजनिक पैशाने लहान गोष्टींची नोंद ठेवावी, त्यातून काय निघेल ते आधी विचारू नये, ही एक वृत्ती आहे. मालिकेला पैसे देणारी वृत्ती तीच.

आपल्याकडे गुप्तधन म्हटलं की काय आठवतं? पायाळू माणूस, अमावास्या, मांत्रिक, आणि वर्तमानपत्रातली नरबळीची बातमी. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनाच्या शोधासाठी केलेल्या अघोरी कृत्यांचा वेगळा उल्लेख करावा लागला. सापडलेल्या धनाचा आपला कायदा अजून 1878 चा, दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही मातीत सापडलं तर जिल्हाधिकाऱ्याला कळवा म्हणणारा. त्यामुळे यंत्र घेऊन शेतात फिरणारा सज्जन, निरुपद्रवी माणूस ही कल्पनाच आपल्याला परकी आहे, आणि या मालिकेची मराठी नक्कल करायला कुणी जाऊ नये. नक्कल नकोच आहे. हव्या आहेत त्या तिच्या अटी.

दोन आक्षेप मला ऐकू येतात. पहिला, ही पळवाट आहे. हिरवी शेतं, जुनी ओकची झाडं, सौम्य माणसं. 2016 साली युरोपीय संघातून बाहेर पडायचा कौल देऊन भांडत बसलेल्या देशाने स्वतःला गोंजारायला जवळ केलेली मालिका. यात थोडं खरं आहे. तिसऱ्या पर्वात त्यांच्या लाडक्या शेतावर सौरऊर्जेचा प्रकल्प येऊ घालतो आणि आपल्याला वाईट वाटावं अशी रचना आहे. मला वाटलं नाही. त्या पॅनेलांतून कुणाच्या तरी घरी वीज जाणार आहे. बायकांच्या वाट्यालाही समजूतदारपणाच जास्त येतो. अँडीची बायको बेकी आणि तिची आई ही पात्रं रेचल स्टर्लिंग आणि तिची खरोखरची आई डायना रिग यांनी केली म्हणून त्यांना धार आहे, लिखाणात ती कमी आहे.

पण पळवाट म्हणायचं तर या मालिकेत पोटापाण्याची काळजी इतकी का आहे? अँडी पहिल्या पर्वात मिळेल त्या कंत्राटी कामावर गवत कापतो, शिकून पुरातत्त्ववाला होतो आणि तिसऱ्या पर्वात ती नोकरीही सोडून देतो. पोराबाळासकट सासूच्या घरात राहतो. स्वतःचं घर परवडत नाही. लान्सची मोठी झालेली मुलगी, जिचं अस्तित्वच त्याला ठाऊक नव्हतं, दुसऱ्या पर्वात समोर येते, आणि हा बोलका माणूस तिच्यापुढे गप्प होतो. हे सगळं आहे, फक्त त्याच्यावर वीज कोसळत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा. मूठभरांच्या आवडीसाठी सगळ्यांचा पैसा का? आणि खाजगीवाले करतातच की. ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ 2001 साली अल्फा मराठीवर आलं, खाजगी वाहिनीवर. दिलीप प्रभावळकरांचे आबा आजही लोक काढून काढून बघतात. हिंदीत ‘पंचायत’ 2020 साली आली, खाजगी ओटीटीवर, आणि काय सुंदर आली.

बरोबर. टिपरे आठवड्यातून एकदा लागायचे, हे मात्र विसरू नये. ती मालिका अशा काळातली आहे जेव्हा मराठी खाजगी वाहिन्या नव्या होत्या आणि प्रेक्षकाची सवय अजून रोजच्या मालिकेने बांधून टाकलेली नव्हती. ती खिडकी नंतर बंद झाली. ‘पंचायत’चं उदाहरण तर माझ्याच बाजूचं आहे. पहिल्या पर्वात फुलेरा या गावाच्या ग्रामपंचायतीत फिरत्या खुर्चीवरून रुसवाफुगवी होते. तिसऱ्या पर्वात गोळीबार होतो. लेखकाला अक्कल कमी पडली असं मी म्हणणार नाही. यशस्वी झालेल्या खाजगी मालिकेला दर पर्वात मोठं व्हावं लागतं, एवढंच. क्रूकने 2017 साली मालिका मिटवली, तेव्हा ती सगळ्यांना हवी होती. नंतर एकदाच, एका भागासाठी, दार उघडलं. संपण्याची परवानगी असणं हा त्या पैशाचा सगळ्यात मोठा गुण. शिवाय हिंदीचा बाजार मोठा आहे, तिथे मूठभर म्हणजेही काही लाख. मराठीत मूठभर म्हणजे खरोखरच मूठभर.

सार्वजनिक वाहिनीवर काय टिकतं याचा पुरावा आपल्याकडेच आहे. ‘मालगुडी डेज’ 1986 साली दूरदर्शनवर आली. शंकर नाग यांचं दिग्दर्शन, एल. वैद्यनाथन यांचं संगीत. ती मराठी नव्हती, गाव काल्पनिक, चित्रण कर्नाटकातल्या आगुंब्याचं. पण चाळिशीच्या पुढच्या कुठल्याही मराठी माणसासमोर त्या सुरावटीचे पहिले सूर गुणगुणा, पुढची तो पुरी करेल. त्या मालिकेत काय घडायचं ते आठवणार नाही, सूर आठवेल. पैसे तेव्हा प्रायोजकांचे होते हे मान्य. पण खाजगी वाहिनीच नसल्यामुळे पुढच्या गुरुवारची भीती नव्हती. मुंबई दूरदर्शनवर प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांचे चिमणराव-गुंड्याभाऊ आले तेही याच बेफिकिरीतून.

मूठभरांसाठी पैसा खर्च करावा की नाही, हा वाद तर महाराष्ट्राने केव्हाच मिटवलेला आहे. 1967 च्या कायद्याने आपण सार्वजनिक ग्रंथालयांना अनुदान देतो आणि कुठल्या पुस्तकाची किती पानं कुणी वाचली ते विचारत नाही. मराठी चित्रपटांना दर्जा ठरवून अनुदान देतो. त्यातून अनुदानासाठीच काढलेले चित्रपटही निघतात, पाट्या टाकणारे सगळीकडे असतात. म्हणून कुणी ग्रंथालयं बंद करा म्हणत नाही. मग चित्रपटाला मिळतं ते मालिकेला का मिळू नये? चोवीस तास घरात असणारं माध्यम आपण पूर्णपणे साबणवाल्यांच्या हाती देऊन टाकलं आणि त्याच्याबद्दल दिवाणखान्यात बसून कुरकुरतो.

पैसा कुठून, याचं उत्तरही हवेतलं नाही. दूरदर्शन चालवणारी प्रसार भारती डीडी फ्री डिश या आपल्या मोफत उपग्रह सेवेवरच्या जागा खाजगी वाहिन्यांना ई-लिलावाने विकते आणि त्यातून वर्षाला शेकडो कोटी मिळतात. म्हणजे खाजगी वाहिन्यांच्या गोंगाटातून सरकारी प्रसारकाला मिळणारं भाडं आधीच आहे. त्यातला अगदी लहान हिस्सा भाषांना वाटून द्यावा. दाखवायला सह्याद्री आहे, आणि 2024 च्या नोव्हेंबरमध्ये गोव्यातल्या चित्रपट महोत्सवात प्रसार भारतीने ‘वेव्हज’ नावाचं स्वतःचं ओटीटी सुरू केलंय, तिथे तर वेळेचं बंधनही नाही. बाईंना पोळ्या झाल्यावर बघता येईल.

बीबीसीलाही हे कायमचं जमलंय असं समजू नये. 2021 साली बीबीसी फोरने नव्या निर्मितीतून बहुतांश अंग काढून घेतलं, ती मुख्यतः जुन्या कार्यक्रमांची वाहिनी झाली. 2022 मध्ये तर काही वर्षांत तिचं प्रसारण बंद करायचं जाहीर झालं. त्याच वर्षीचा शेवटचा भाग बीबीसी टूवर दाखवला गेला. ज्या घरात मालिका जन्मली त्या घरात तिच्या शेवटाला जागा उरली नव्हती. परवाना शुल्कावरही तिथे दर काही वर्षांनी कुऱ्हाड उगारली जाते. अशा सोयी राखाव्या लागतात, आपोआप राहत नाहीत.

सरकारी प्रसारकाकडे पैसा असला म्हणून काम चांगलं होतं असंही नाही. सह्याद्रीवरचे कित्येक कार्यक्रम बघताना समोरच्या वक्त्याइतकीच आपलीही मान डुलते. हातात पैसा देऊन समिती बसवली की समितीसारखी मालिका निघेल, प्रबोधनाचा डोस आणि शेवटी मंत्रिमहोदयांचे आभार. म्हणून अटी आधी लिहून घ्यायला हव्यात. एका वेळी सहा भाग, अर्ध्या अर्ध्या तासाचे. लेखक एकच, आणि जमलं तर दिग्दर्शकही तोच. विषय कुठलाही, रत्नागिरीतला बंद पडत चाललेला ब्रासबँड चालेल, लातूरच्या बसस्थानकावरचा चौकशी खिडकीवाला चालेल. सहा भाग पूर्ण होईपर्यंत आकडे कुणी बघायचे नाहीत, निर्मात्याने नाही आणि दिल्लीनेही नाही. जागेवरचा आवाज जागेवरच टिपायचा, स्टुडिओत पुन्हा ओतायचा नाही. आणि संगीतकाराला मानधन पूर्ण द्यायचं, मिनिटं कमी वाजवली म्हणून कापायचं नाही.